पावसातली कानस

पेटी दुरुस्त करता येणाऱ्याला पियानोही जमतो, असा माझा एके काळी समज होता. मडगावात आमच्या शेजारी एक वृद्ध आंटी राहत. नवऱ्यामागे त्यांच्या सोबतीला एक उभा पियानो तेवढा उरला होता. एका श्रावणात त्याची मधली एक पट्टी दाबली की वर येईना. त्यांनी मला हाक मारली.

अशा वेळी दोष नेमका कुठे आहे, हे आधी शोधायचे असते. पट्टी मधल्या दांड्याला उचलते, दांडा हातोडीला ढकलतो, हातोडी तारेवर आदळते. दांडा बोटाने किंचित वर उचलून धरावा. तरीही पट्टी अडली, तर दोष पट्टीचाच. मोकळी हलली, तर तो वर कुठेतरी.

दोष पट्टीचाच निघाला. तिच्या खालच्या भोकाला लोकरी कापडाचे अस्तर असते आणि त्यात धातूची खुंटी बसते. दमट हवेने लाकूड व अस्तर फुगून खुंटीला आवळत होते. अस्तर हलकेच दाबायचे, नाहीतर हवा कोरडी होईपर्यंत थांबायचे, एवढेच काम होते. मी कानस घेतली आणि अस्तरासकट लाकूड घासले. पट्टी मोकळी झाली. आंटींनी तोंडभर कौतुक केले.

माघात लाकूड आक्रसले आणि तीच पट्टी खडखडू लागली. मी ओशाळलो. आंटी एवढेच म्हणाल्या, "आसूं दी."

हेतू चांगला होता, एवढ्याने चूक धुतली जाते का? मला तसे वाटत नाही. पावसाळा आहे हे मला दिसत होते. पण शाबासकी त्याच दिवशी हवी होती. दोष ऋतूचा होता, शिक्षा लाकडाला झाली. घरात आपण वेगळे काय करतो? वाटणीच्या दिवसांत धाकटा भाऊ ताठरला होता. तो त्याचा पावसाळा होता. मी मात्र त्याचा स्वभावच तसा ठरवून कायमचे बोलून बसलो.

जुने कारागीर सांधे सरसाने जोडीत. ऊब आणि ओल मिळाली की सरस सुटतो. पुढच्या माणसाला सांधा न मोडता उघडता येतो. आपल्या हातून चूक होईल, हे गृहीत धरूनच दुरुस्ती करावी, एवढी नम्रता त्यात आहे. कानशीला ती नसते.

पुढे मी नवे अस्तर सरसाने चिकटवून दिले. खडखड थांबली. भावाला पत्र लिहायचे अजून राहिले आहे.