एका आकाशात दोन वारे

बंगळूरातल्या मारतहळ्ळीच्या पश्चिमेला लागून विमानं बनवणाऱ्या एचएएलचा विमानतळ आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० मध्ये म्हैसूर सरकारच्या साथीने इथे विमानांचा कारखाना उभा केला, त्याच परिसरातला. त्याच्या धावपट्टीला ०९ आणि २७ असे क्रमांक आहेत. हे आकडे दिशेचे, अंशांतलं शेवटचं शून्य गाळलेले: नव्वद अंश म्हणजे पूर्व, दोनशे सत्तर म्हणजे पश्चिम. विमानाला उतरताना आणि उडताना वारा समोरून हवा असतो, आणि बंगळूरात पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, हिवाळ्यात पूर्वेचा. म्हणून जुलैत विमानं मारतहळ्ळीच्या गच्च्यांवरून खाली येतात आणि जानेवारीत बहुधा त्याच गच्च्यांवरून वर चढतात. प्रवासी विमानं २००८ मध्ये देवनहळ्ळीला गेली, तरी चाचणीच्या विमानांचा आवाज इथे अजून रोजचा आहे.

पुण्या-नाशकाकडून नोकरीसाठी इथे आलेली आपली माणसं ‘बंगळूरची हवा छान’ असं म्हणतात, तेव्हा ती हवा जणू शहराच्या मालकीची असते. शहराचं त्यात फारसं काही नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटरची उंची हा एक भाग. बाकी सगळं लांबून येतं.

विषुववृत्तावर तापलेली हवा वर चढते, दोन्ही ध्रुवांच्या दिशेने सरकते, तीस अंशांच्या आसपास खाली बसते आणि जमिनीलगत पुन्हा विषुववृत्ताकडे परतते. या फेऱ्याची मांडणी जॉर्ज हॅडली या इंग्रज वकिलाने १७३५ मध्ये केली. परतणारा वारा सरळ का येत नाही, तिरपा का होतो, याचं कारण त्याने पृथ्वीच्या फिरण्यात शोधलं. त्याचा हिशेब पुढे दुरुस्त करावा लागला, पण दिशा बरोबर होती. उन्हाळ्यात आशियाची जमीन तापली की हवा वर चढण्याचा हा पट्टा विषुववृत्तावरून उत्तरेला सरकतो. मग मॉरिशसच्या दक्षिणेकडच्या जास्त दाबाच्या प्रदेशातून निघालेला वारा आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडतो, उजवीकडे वळतो, सोमालियाजवळ वेग घेतो आणि अरबी समुद्रावरून बाष्प भरून घेत आपल्याकडे येतो. रत्नागिरीकडची माणसं एकोणिसाव्या शतकात मजुरीसाठी ज्या मॉरिशसला गेली, त्याच बाजूचा हा वारा. कोकणचा पाऊस आणि मारतहळ्ळीची जुलैतली भुरभुर एकाच प्रवासाच्या दोन अवस्था आहेत. घाटाने पाणी उतरवून घेतलं, की इथपर्यंत पोचतो तो गार वारा आणि उरलेसुरले शिंतोडे.

पण हा झाला फक्त खालचा वारा. जुलैत एखाद्या दुपारी ढगांत फट पडली, की इथल्या कुठल्याही गच्चीवरून एक गोष्ट बघता येते. खालचे करडे ढग घाईघाईने पूर्वेकडे धावत असतात आणि त्या फटीतून वर दिसणारे पांढरे, पिंजलेले ढग उलट पश्चिमेकडे सरकत असतात. पाण्याच्या टाकीच्या कडेशी डोळे स्थिर ठेवले तर शंका उरत नाही. चौदा-पंधरा किलोमीटर उंचीवर पावसाळ्यात पूर्वेकडून प्रचंड वेगाचा झोत वाहतो. भारतीय हवामान खात्याच्या पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये तो जगापुढे मांडला. तिबेटचं तापलेलं पठार आणि दक्षिणेकडचा समुद्र यांच्यातल्या फरकातून तो तयार होतो आणि त्याचा गाभा साधारण चेन्नई-बंगळूरच्याच अक्षांशावर असतो. पृथ्वीच्या अभिसरणाचे असे दोन मजले नुसत्या डोळ्यांनी दिसावेत, हे मला फार मोठं वाटतं. उपकरण लागत नाही, मान वर करावी लागते.

हे दोन वारे जोरात असतात तोवर ढगाला उभं वाढायला सवड मिळत नाही. ऑगस्ट सरतो, पश्चिमेचा वारा ढिला पडतो, दुपारचं ऊन जमीन तापवतं आणि ढग जागच्या जागी उंच चढतात. म्हणून बंगळूरचा खरा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरचा. आपल्याकडे परतीच्या पावसाचा जो धसका असतो, तोच इथे. सप्टेंबर २०२२ च्या सुरुवातीला एका रात्रीत सुमारे १३० मिलिमीटर पडला आणि मारतहळ्ळी, बेळंदूर, यमलूरच्या रस्त्यांवर कंपन्यांची माणसं ट्रॅक्टरमधून कामावर गेली. ‘निसर्ग कोपला’ असं तेव्हा पुष्कळांनी म्हटलं. मला ते पटत नाही. वारा दरवर्षीसारखाच त्या महिन्यात मंदावला होता. एका तळ्याचं जादा पाणी दुसऱ्या तळ्यात नेणारे राजकालुवे मात्र दरवर्षीसारखे राहिले नव्हते. त्यांच्यावर घरं आणि कार्यालयं उभी होती. त्याच महिन्यात महादेवपुरा भागात बुलडोझर आले, म्हणजे अतिक्रमण कुठे आहे हे ठाऊक होतं.

तापमान एका अंशाने वाढलं की हवेत सुमारे सात टक्के अधिक बाष्प मावतं. म्हणजे वाऱ्याची वाट तीच राहिली, तरी त्याच्या पाठीवरचं ओझं वाढणार आहे. हे ओझं मॉरिशसपलीकडून आणि अरबी समुद्रावरून येतं, ते अडवणं मारतहळ्ळीच्या हातात नाही. नाले कधी उपसायचे हे आहे. आपल्या मुंबईतल्या सवयीप्रमाणे मेअखेरीस नालेसफाई उरकून या शहराचं भागणार नाही. इथे दुसरी फेरी ऑगस्टमध्ये हवी, पश्चिमेचा वारा पडायच्या आधी.