पदाची मुदत आणि ज्येष्ठतेचा मोह

लोकप्रतिनिधीनें किती वेळां निवडून यावें, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारीत नाहीं. विचारलाच तर 'लोकांस वाटेल तितक्या वेळां' हें उत्तर तयार असतें. डोंबिवलीकरांनीं २००९ पासून २०२४ पर्यंतच्या चारही निवडणुकांत श्री. रवींद्र चव्हाण यांसच विधानसभेवर पाठविलें, ठाण्यांतून श्री. एकनाथ शिंदे २००४ पासून त्या सभागृहांत अखंड आहेत. यांत गैर कांहींच नाहीं. परंतु जुन्या माणसाची ही ओढ कशाची, हें एकदां तपासून पाहावें असें आम्हांस वाटतें.

सामान्यतः अनुभवाचें नांव पुढें केलें जातें. अनुभव ही कांहीं हलकी वस्तु नव्हे. कायद्याचा मसुदा वाचतां येणें, अर्थसंकल्पांतील आंकड्यामागचा हेतु ओळखणें, हें पहिल्या वर्षांत कोणास साधत नाहीं. पण मतदार मनांतल्या मनांत वेगळाच हिशेब करीत असतो. नळजोडणीचा अर्ज अडला, रुग्णालयांत खाट मिळेना, म्हणजे ज्याच्या दारीं जावयाचें तो माणूस परिचयाचा असावा, एवढेंच त्यास हवें असतें. याला आपण ज्येष्ठतेचा आदर म्हणतों. उद्यां अर्ज आपोआप मंजूर होऊं लागले तर त्या आदराचें काय होईल, कोण जाणे!

गंमत अशी कीं, जी मुदत आमदारास नाहीं ती बँकेच्या संचालकास आहे. ठाणें-कल्याणकडे नागरी सहकारी बँकांचें प्रस्थ मोठें. त्यांच्या संचालकांस (अध्यक्ष व पूर्णवेळ संचालक सोडून) सलग आठ वर्षांहून अधिक राहतां येणार नाहीं, असें २०२० मध्यें कायद्यानें ठरलें. २०२५ मध्यें ती मर्यादा दहा वर्षांवर गेली. ठेवीदाराच्या पैशाविषयीं जी सावधगिरी, ती नागरिकाच्या मताविषयीं नको काय?

प्रथमदर्शनीं हा युक्तिवाद बिनतोड दिसतो. परंतु महापौराची मुदत तर अवघी अडीच वर्षें आहे; तेवढ्यानें सत्ता लोकांच्या हातीं आली असें कोण म्हणेल? कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे, आणि पक्षाचीं सूत्रें तिसरीकडेच. कै. आनंद दिघे यांनीं कधीं निवडणूक लढविली नाहीं. तरी २००१ मध्यें त्यांचें निधन होईपर्यंत ठाणेकर आपलीं गाऱ्हाणीं घेऊन टेंभी नाक्यावर जात. ज्या सत्तेस पदच नाहीं, तिला मुदत कोठून घालणार?

मग उपाय मतदारावरच येऊन ठेपतो. सांगोल्याचे कै. गणपतराव देशमुख अकरा वेळां निवडून आले. पण १९७२ व १९९५ सालीं त्याच मतदारांनीं त्यांस घरीं बसविलें, आणि पुढें परत बोलाविलेंही. अशी ज्येष्ठता आम्हांस खटकत नाहीं. खटकते ती, जिच्यापुढें दुसरें नांव सुचेनासें होतें.

हें लिहितांना आम्हांस थोडा संकोच वाटतो. एका लहानशा संस्थेचे आम्ही अठरा वर्षें चिटणीस आहों. दरवर्षीं 'आपणांवांचून कसें चालेल?' असें सभासद म्हणतात, व आम्ही विनयपूर्वक मान तुकवितों. गेल्या महिन्यांत आम्ही आजारी असतां एका तरुण सभासदास वार्षिक सभेची सूचना काढावयाची होती. सभासदांची यादी कोठें असते, हें त्यास कोणी सांगूं शकेना. ती आमच्या घरच्या कपाटांत होती.