पायाखालचे थर

हे मनन घाईने वाचू नका. बसला असाल तर दोन्ही पाय जमिनीला टेकवा. तळपाय जिथे टेकले आहेत तिथे थोडा वेळ लक्ष राहू द्या. फरशीखाली काय आहे याचा विचार आपण सहसा करत नाही. आज तेवढाच करायचा आहे.

मनाने मुंबईतल्या हिंदमाताला या. डॉ. आंबेडकर रोड, डोक्यावर उड्डाणपूल, दुतर्फा कापडाची दुकानं. जोराचा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की इथे गुडघाभर पाणी साचत आलं आहे, कारण ही जागा बशीसारखी खोलगट आहे. १७८४ च्या सुमारास हॉर्नबी वेलार्ड या बांधाने वरळीची खाडी अडवली, त्यानंतर मुंबईच्या बेटांमधली खाजणं भराव टाकून हळूहळू भरत गेली. आपण उभे आहोत त्या भागातली बरीच जमीन माणसाने टाकलेली आहे, आणि तिच्या पोटात पाणी फार खोलवर नाही. हे पाणी मनात धरून ठेवा.

आता जवळच्या टाटा मिलच्या भिंतीकडे बघा. मार्च २०२० च्या टाळेबंदीत इथल्या पाळ्या थांबल्या. ही गिरणी सोडा, कुठलीही कापडगिरणी डोळ्यांपुढे आणा आणि तिच्या रंगखात्यात शिरा. ओली फरशी, वाफ, सल्फर ब्लॅकच्या रंगासोबत येणारा कुजक्या अंड्यांचा वास. कोपऱ्यात कॉस्टिक सोड्याचे ड्रम. पलीकडे डायक्रोमेटचे नारिंगी खडे, रंग पक्का करायला लागणारे. एक कामगार डब्याने खडे मोजून घेतो. चार-दोन खाली पडतात. पाळी संपताना कोणीतरी पाइप लावून फरशी धुतं. नारिंगी पाणी गटाराकडे जातं, त्यातलं थोडं फरशीच्या सांध्यात मुरतं.

इथे थांबा. त्या चार-दोन खड्यांचा दोष कोणाचा, हे स्वतःला विचारून पाहा. कामगाराचा म्हणावं, तर तो पाळीचं काम करत होता. मुकादमाचा म्हणावं, तर त्याच्या लेखी हा सांडण्याचा प्रकारच नव्हता. सांडलं म्हणून कुठल्याही वहीत नोंद झाली नाही. दिवसाला तीन पाळ्या आणि कित्येक दशकं, असा हिशेब मात्र जमिनीत साठत गेला. मोठा अपघात झाला तर बातमी होते, चौकशी होते. रोजच्या थेंबांची चौकशी आपणहून कोणी करत नाही. ती मुद्दाम करावी लागते.

आता थराथराने खाली उतरा. आधी काँक्रीट. त्याखाली मुरूम, विटांचे तुकडे, कुठे बॉयलरची राख. त्याखाली समुद्राची काळी चिकणमाती, आणि मग काळा दगड. या थरांमधून प्रत्येक रसायन आपापल्या स्वभावाने चालतं. शिसं मातीच्या बारीक कणांना धरून बसतं. भट्टीचं तेल पाण्यावर तरंगतं. डायक्रोमेटमधलं षट्संयुजी क्रोमियम पाण्यात विरघळतं आणि पाण्याबरोबर प्रवास करतं. ते श्वासावाटे शरीरात गेलं तर कर्करोगाला कारण ठरू शकतं. तेच क्रोमियम सेंद्रिय द्रव्य असलेल्या काळ्या चिखलात पोहोचलं, तर तिथे त्याचं त्रिसंयुजी रूप होऊ शकतं आणि ते बरंच निवतं. मनात धरून ठेवलेलं पाणी आता सोडा. पावसाळ्यात ते वर चढतं, नंतर उतरतं, आणि विरघळलेलं सगळं सोबत हलवतं. कुंपणाची भिंत त्याला अडवत नाही.

मग शोध कसा घ्यायचा? पहिलं काम कुदळीचं नाही, विचारपुशीचं आहे. रंगखातं कुठे होतं, तेलाची टाकी कुठे होती, ड्रम कुठे रचायचे, पाणी कुठे तुंबायचं? हे जुन्या नकाशांत अर्धंच सापडतं. उरलेलं निवृत्त कामगारांना ठाऊक असतं. त्यानंतर जागेवर चौकटी आखून वेगवेगळ्या खोलीची माती काढायची, भूजल पाहायला विंधनविहिरी घ्यायच्या, ताडून पाहायला गिरणीबाहेरच्या स्वच्छ जागेचाही नमुना घ्यायचा, आणि सगळं प्रयोगशाळेत पाठवायचं. माती काळी दिसली म्हणून विषारी ठरत नाही, आणि लाल मुरूम दिसला म्हणून निर्धोकही ठरत नाही.

असा शोध वेळेवर झाला नाही तर काय होतं, ते बघा. अमेरिकेत नायगारा फॉल्सजवळ लव्ह कॅनॉल नावाच्या चरात एका रसायन कंपनीने १९४० च्या दशकापासून कचरा पुरला. वर माती टाकली, पुढे शाळा आणि घरं उभी राहिली. १९७८ मध्ये तिथे आणीबाणी जाहीर झाली, कुटुंबं हलवावी लागली, आणि १९८० मध्ये अशा जागा साफ करण्याचा कायदा झाला. आपल्याकडे दूषित जागांसाठी स्वतंत्र केंद्रीय नियम जुलै २०२५ मध्ये आले. गिरणगावात त्याआधीच बरंच काही घडून गेलं होतं. १९८२ चा गिरणी कामगारांचा संप, १९९१ ची विकास नियंत्रण नियमावली, गिरण्यांच्या जमिनींबद्दलचा २००६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. संपानंतर वाद गाजला तो जमीन कोणाला किती मिळणार याचा. जमिनीत काय आहे, हा प्रश्न मागेच राहिला.

मार्च २०२० मध्ये म्हाडाने बॉम्बे डाइंग, स्प्रिंग मिल आणि श्रीनिवास मिलच्या जागेवरच्या ३,८९४ घरांची सोडत काढली, ती गिरणी कामगारांसाठी आणि त्यांच्या वारसांसाठी. ज्यांनी गिरणीत घाम गाळला, त्यांचीच मुलं-नातवंडं गिरणीच्या जमिनीवर राहायला येतात. कुठल्याही जमिनीत विष आहे असं तपासल्याशिवाय म्हणता येत नाही. नाही असंही म्हणता येत नाही. म्हणून विचारण्याचा पहिला हक्क या कुटुंबांचा आहे.

तेव्हा गिरणीच्या जागेवर घर घेत असाल तर माती तपासणीचा अहवाल मागा. नमुने कुठून घेतले, किती खोल घेतले, काय काय तपासलं आणि खोदलेली माती कुठे नेली, हे चार प्रश्न विचारा. आणि घरात कोणी निवृत्त गिरणी कामगार असतील, तर रंगखातं कुठे होतं हे त्यांना आजच विचारून लिहून ठेवा.