वाढ कुठल्या रकान्यात?

चाकण, सातपूर, वाळूज, कुठलीही औद्योगिक वसाहत घ्या. वेतनकरार झाला की गेटवर गुलाल उडतो, पेढे वाटले जातात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात येते, अमुक कंपनीत एवढ्या हजारांची पगारवाढ. बातमीत आकडा एकच असतो. करारात मात्र तो बऱ्याचदा दोन ठिकाणी विभागलेला असतो. एक भाग सगळ्यांना सारखा आणि दुसरा सेवेच्या वर्षांप्रमाणे. दहा वर्षांपर्यंत एवढे, विसापर्यंत तेवढे, त्यापुढे आणखी थोडे. या दुसऱ्या भागावरून मॅनेजमेंटशी होते त्यापेक्षा जास्त खडाजंगी युनियनच्या आपल्याच बैठकीत होते.

तरुण पोराचा सवाल सरळ असतो. लाइन एक, मशीन एक, टार्गेट एक. मग मामांना, म्हणजे जुन्या कामगारांना, जास्त का? याला ‘अनुभव’ हे उत्तर देऊन भागत नाही. बहुतेक कामांत आठ-दहा वर्षांत हात बसतो. नोकरीच्या पंचविसाव्या वर्षी मामा काही दुप्पट नग काढत नाहीत. उलट रात्रपाळी सोसत नाही, गुडघे बोलू लागतात. ज्येष्ठतेचा पैसा कौशल्याच्या नावाने मागितला की वाद तिथेच हरल्यासारखा होतो.

मला पटते ते कारण वेगळे आहे. एडवर्ड लेझिअर या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने 1979 मध्ये मांडले होते की माणसाला उमेदीच्या वर्षांत त्याच्या कामापेक्षा कमी आणि उतारवयात जास्त देण्याचा हा अलिखित व्यवहार असतो. म्हणजे मामांना आज जे जास्त मिळते ती त्यांचीच थकबाकी. शिवाय त्यांनी जे शिकून घेतले, कुठल्या प्रेसला किती दाब, कुठल्या डायचा कोपरा दगा देतो, त्याला गेटबाहेर भाव नाही. पंचेचाळिशीत कंपनी बंद पडली तर ते ज्ञान घेऊन जायचे कुठे? एकाच ठिकाणी आयुष्य गुंतवण्याची ही जोखीम त्यांनी घेतली, पैसा त्या जोखमीचा आहे.

थकबाकी म्हटली की ती लिहून घ्यावी लागते, आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी हा धडा फार महागात घेतला. पहिल्या महायुद्धाच्या तेजीत मालकांनी बोनस सुरू केला, काही वर्षे सलग दिला, मग 1923 मध्ये हात आखडला. 1924 च्या जानेवारीत दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर गेले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीने निर्वाळा दिला की बोनसवर कामगारांचा हक्क पोचत नाही. दिला तर मालकाची मर्जी. ही मर्जी मोडायला 1950 चे लेबर अपेलेट ट्रायब्युनलचे सूत्र आणि 1965 चा बोनस कायदा यावा लागला.

पण या बोनसला वर्षे दिसत नाहीत. वर्षात तीस दिवस काम केलेला नवखा आणि तीस वर्षे काढलेला मामा, दोघांनाही टक्का तोच, किमान 8.33 आणि कमाल 20. वर्षे मोजते ती ग्रॅच्युइटी. तिचे सूत्र असे, शेवटचे बेसिक आणि डीए भागिले 26, गुणिले 15, गुणिले सेवेची वर्षे. बेसिक-डीए 26,000 असेल तर तीस वर्षांचे साडेचार लाख.

इथे पे स्लिप हातात घेऊन बसावे. समजा करारात मामांना सेवेपोटी महिना 2,600 रुपये जास्त मिळाले. ते बेसिकमध्ये गेले तर तीस वर्षांच्या ग्रॅच्युइटीत 45,000 वाढतात. तेच 2,600 ‘घरभाडे भत्ता’ या रकान्यात गेले तर महिन्याला हातात पैसा तेवढाच, निवृत्तीच्या हिशेबात मात्र शून्य. गुलाल दोन्ही वेळी सारखाच उडतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी या खेळाला थोडा लगाम घातला आहे. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले तर वरची रक्कम वेतनातच धरायची. निम्म्याच्या आत मात्र जुनी कसरत चालूच राहील. त्यामुळे कराराची बातमी वाचली की किती मिळाले याआधी मी कुठे मिळाले ते विचारतो. पंचवीस वर्षे झाली म्हणून स्टेजवर बोलावून घड्याळ देतात, नारळ देतात, फोटो काढतात. त्याला माझी हरकत नाही, पण तो सत्कार झाला, मोबदला नव्हे.

एक आक्षेप मात्र मला झटकून टाकता येत नाही. ज्येष्ठ माणूस महाग झाला की मॅनेजमेंटच्या नजरेत तोच आधी खुपतो, आणि मग स्वेच्छानिवृत्तीची योजना नोटीस बोर्डावर लागते. नाव स्वेच्छा; इच्छा कोणाची असते ते सगळ्यांना माहीत असते. त्याहून वाईट म्हणजे, नव्याने कोणाची वर्षे साचूच नयेत अशी सोय केली जाते. सलग सेवेचे 240 दिवस भरायच्या आत ब्रेक द्यायचा, किंवा माणूस तोच ठेवून ठेकेदार बदलायचा. बदली, हंगामी म्हणून वर्षानुवर्षे राबवून कायमपणाचे लाभ नाकारणे ही महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्याने अनुचित कामगार प्रथा ठरवली. प्रथा थांबली नाही, नावे बदलली.

युनियनही इथे नामानिराळी नाही. सेवाकाल ‘कायम नियुक्तीच्या तारखेपासून’ मोजण्याची अट करारात येते आणि तिच्याखाली दोन्ही बाजूंच्या सह्या होतात. सात वर्षे ठेकेदाराकडे घाम गाळून मग कायम झालेल्या माणसाची ती सात वर्षे त्या एका ओळीत गळून पडतात. पुढच्या मागणीपत्रकात ही ओळ बदलून पहिल्या गेटपासची तारीख धरा, असे कोणीतरी म्हणायला हवे. मॅनेजमेंट रेकॉर्ड नसल्याचे सांगेल. ठेकेदाराने पीएफ कापला असेल तर तारीख पासबुकात आहे, ईएसआयकडेही आहे. सगळी वर्षे एकदम मान्य होणार नाहीत हे उघड आहे. निदान निम्मी धरा, आणि त्यांचा पैसा बेसिकमध्ये टाका, इथून बोलणी सुरू करता येतील.