दोषांची यादी

माझं कॉलेज नागसेनवनातलं. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, बाबासाहेबांनी १९५० साली कॉलेज काढलं. त्याला पुढे मिलिंद महाविद्यालय हे नाव मिळालं आणि परिसराला नागसेनवन. प्रश्न विचारणाऱ्या राजाचं नाव कॉलेजला, उत्तर देणाऱ्या भिक्खूचं नाव सगळ्या आवाराला. आम्हा पोरांना त्याचं काही वाटत नसे. ‘मिलिंद प्रश्न’ हा त्या दोघांचा संवाद मी वाचला तो पुण्यात नोकरीला लागल्यावर, आणि त्यातला अवघड भाग कोणता हे कळायला घरात जुन्या सामानाचा सर्व्हर जोडावा लागला.

सामान असं. प्रोसेसर झिऑन ई५-२६८० व्ही४, चौदा कोअरचा. २०१६ मध्ये इंटेलने त्याची किंमत पावणेदोन हजार डॉलरच्या आसपास लावली होती. मला तो लॅमिंग्टन रोडवर चार आकडी रुपयांत मिळाला. बोर्ड सुपरमायक्रोचा, कुठल्यातरी डेटा सेंटरमधून उतरवलेला. रॅम रजिस्टर्ड ईसीसी, जी घरगुती बोर्डावर चालतच नाही, म्हणून तिला गिऱ्हाईक कमी आणि भावही कमी. शिवाय चार टेराबाइटच्या चार सॅस डिस्का. कंपन्या हा माल बिघडला म्हणून काढत नाहीत. सपोर्टचा करार संपतो, नव्या मशीनपुढे विजेचा हिशेब बसत नाही, म्हणून काढतात. धडधाकट वस्तू भंगारवाल्याच्या वजनकाट्यापर्यंत जाऊन परत फिरते. (माझी मात्र वीज जळते. नुसतं स्वस्थ बसलेलं असताना हे मशीन नव्वदेक वॅट खातं, महिन्याचे पासष्ट युनिट. आईने ते बिल पाहून जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.)

अशा बोर्डावर एक छोटा स्वतंत्र संगणक असतो. मुख्य मशीन बंद असलं तरी तो जागा राहतो आणि नोंदी ठेवतो. पहिल्यांदा त्यात शिरलो तेव्हा आधीच्या मालकाच्या काळातल्या नोंदी तशाच होत्या. एक पॉवर सप्लाय गेला, परत आला. पंख्याचा वेग उतरला. झाकण उघडलं गेलं. हे सगळं कुणा अनोळखी माणसाने मध्यरात्री धावपळ करून निस्तरलं असणार.

आता राजा मिलिंद. हा मिनँडर, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा, राजधानी सागल, म्हणजे बहुतेकांच्या मते आजचं सियालकोट. तो विचारतो, नागसेन म्हणजे नेमकं कोण? केस? नखं? दात? भिक्खू प्रत्येकाला नाही म्हणतो आणि मग उलट विचारतो: महाराज, आपण रथातून आलात, तर रथ म्हणजे काय? आस? चाकं? जू? राजालाही नाही नाही म्हणत जावं लागतं, आणि शेवटी कबूल करावं लागतं की या सगळ्या सुट्या भागांच्या आधाराने ‘रथ’ हे नुसतं व्यवहाराचं नाव चालतं.

टेबलावर सुटे भाग मांडून बसलेल्या माणसाला हे पटवायला लागत नाही. मशीनचं होस्टनेम मी ‘नागसेन’ ठेवलं. ते एका ओळीच्या फाइलीत असतं. ओळ खोडली की नागसेन संपला, पंखे फिरतच राहतात. ऑफिसातल्या माझ्या मित्राला मात्र हे मान्य नव्हतं. तो गीतेचा पाठक, रोज एक अध्याय वाचणारा, आणि कामातही माझ्यापेक्षा हुशार. तो म्हणाला, “भाग बदलतात ते कपड्यांसारखे. आत कुणीतरी आहे. तुझ्या झेडएफएसचाच पूल बघ. एकेक करून चारही डिस्का बदल, बोर्ड बदल, दुसऱ्या मशीनला लाव, पूल तोच राहतो. का? तर त्याचा एक क्रमांक असतो, प्रत्येक डिस्कवर लिहिलेला. तोच आत्मा समज.”

मुद्दा बिनतोड वाटला. झेडएफएस ही फाइल सिस्टिम सन मायक्रोसिस्टिम्समध्ये २००१ पासून घडत गेली, आणि तिच्यात पुलाला, म्हणजे डिस्का मिळून झालेल्या साठ्याला, असा ओळखक्रमांक खरोखरच असतो. पण त्याच सिस्टिममध्ये ‘झेडपूल रीगाइड’ नावाची एक आज्ञाही आहे. ती दिली की पुलाला नवा क्रमांक मिळतो. मी त्याच्यासमोर दिली. फाइली जागच्या जागी, फोटो जागच्या जागी, कुणाला काही पत्ता नाही. “आत्मा बदलला बघ तुझा,” मी म्हटलं. तो हसला, पण हरला नाही. गीतेतला आत्मा असा आज्ञेने बदलत नसतो, तेव्हा माझं उदाहरणच चुकलं, एवढंच तो म्हणाला. वादात हे असं सोडून देणं मला जमत नाही.

इथपर्यंत सोपं होतं. अवघड भाग डिस्कांनी काढला.

सॅस डिस्कला तिची माहिती विचारली की ती कोणत्या साली, कितव्या आठवड्यात तयार झाली हेसुद्धा सांगते. माझी एक २०१५ ची. एकावन्न हजार तास चाललेली, म्हणजे पावणेसहा वर्षांहून जास्त, अखंड. आणि एक ओळ: नंतर वाढत गेलेल्या दोषांच्या यादीत अकरा नोंदी. अशा डिस्का दोषांच्या दोन याद्या बाळगतात. एक कारखान्यातच लिहिली जाते, कारण निर्दोष तबकडी कुणालाच बनवता येत नाही. दुसरी वापरात भरत जाते; एखादी जागा वाचता येईनाशी झाली की डिस्क ती यादीत टाकते आणि तिच्याऐवजी राखीव जागा देते. मालकाला कळतही नाही.

आधीच्या मालकाचा डेटा त्या डिस्कवर कणभर नव्हता. शून्यं लिहून पुसलेला होता. स्मृती गेली, झीज राहिली. मित्र म्हणाला, “आता काय म्हणशील? मागचं काही आठवत नाही आणि भोगायचं मात्र आहे. प्रारब्ध म्हणतात ते हेच.”

मिलिंद राजानेही हे विचारलंय: पलीकडे जाणारा कुणी नसेल तर पुनर्जन्म कसला? नागसेन म्हणतो, लहानपणी गुरूकडून श्लोक शिकलात ना, तो गुरूपासून निघून तुमच्याकडे आला का? फाइलींच्या प्रती काढत जगणाऱ्याला हे उत्तर फार जवळचं. प्रत इकडे उमटते, तिकडून काही निघत नाही. पण झीज अशी नाही. झीज म्हणजे प्रत नव्हे. ती त्याच लोखंडात राहते. तेव्हा मित्राचं बोलणं मला इतक्या सहज झटकता येईना.

आणि तरी ‘प्रारब्ध’ ऐकून माझ्या अंगावर काटा आला, कारण आमच्या घरात हा शब्द कशासाठी वापरला गेला ते आजीने सांगितलेलं आहे. विहिरीपासून लांब उभं राहायला लावताना कुणी आपली सत्ता सांगत नाही. तुमचं मागच्या जन्मीचं, असं सांगतात. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात, जो मूळ इंग्रजीत १९५७ साली बाबासाहेबांच्या पश्चात आला, ते विचारतात: पुनर्जन्म कशाचा आणि कुणाचा? आत्म्याचा नाही, असं ते स्वच्छ लिहितात; देह बनवणारी महाभूतं आपापल्या साठ्यात मिसळतात आणि पुन्हा जुळून येतात, एवढ्याच अर्थाने पुनर्जन्म. आणि मागच्या जन्मीच्या कर्माचा सिद्धांत ते साफ नाकारतात, कारण गरिबांच्या हलाखीची जबाबदारी त्याने समाजाच्या आणि राज्याच्या डोक्यावरून उतरते.

डिस्ककडे तसं बघितलं की गोष्ट उलटी दिसते. अकरा दोष आले, पण डिस्कने केलं काय? तिला कुणीतरी गरम रॅकमध्ये वर्षानुवर्षं ठेवलं, रात्रंदिवस लिहायला लावलं. खूण तिच्या अंगावर, करणी दुसऱ्याची. झीज पुढे येते हे मला मान्य. ती झिजलेल्याची कमाई आहे हे मान्य नाही. नागसेनाच्या आंब्याच्या चोराचा दृष्टांतही मला असाच लागतो. चोर म्हणतो, मालकाने लावला तो आंबा वेगळा, मी घेतला तो वेगळा, मग माझा गुन्हा काय? राजाच त्याला सोडत नाही. ‘वेगळा’ म्हणून सुटका नाही, कारण एकातून दुसरा आला. पण हे बोट चोराकडे आहे, आंब्याकडे नाही.

चौथी डिस्क तर पुसलेलीच नव्हती. कुठल्याशा कार्यालयाच्या पगारपत्रकांची फोल्डरं उघडी दिसत होती. मी एकही फाइल उघडली नाही. पूर्ण फॉरमॅट चालवला, त्याला रात्र गेली. ज्यांचे पगार त्यात होते त्यांना हे कधी कळणार नाही.

मित्राने पुन्हा गाठलं. “मग डिस्का घेताना यादी बघतोस कशाला? चाळीस दोषांची विक्रेत्याला परत दिलीस ना? तूही मागचं बघूनच पारखतोस.” प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर एवढंच की मी बघतो ते पुढे काय होईल म्हणून; तिची लायकी काय म्हणून नाही. फोटो जाऊ नयेत म्हणून सावध राहणं वेगळं आणि तिला तेच मिळायला हवं होतं असं म्हणणं वेगळं. दुसरं वाक्य डिस्कबद्दल हास्यास्पद वाटतं. माणसांबद्दल ते शतकानुशतकं गंभीर चेहऱ्याने बोललं गेलं. तो म्हणाला, शास्त्राचा दोष नाही, वापरणाऱ्यांचा आहे. यावर आमचं अजून जमलेलं नाही.

अकरा दोषांची डिस्क मी ठेवली, एका निरोगी डिस्कची जोडीदार म्हणून. दोन जोड्या, दोन्हींवर मिळून एक पूल. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मशीन सगळा डेटा वाचून ताडून बघतं. विहारातल्या जुन्या मंडळींच्या आवाजातली वंदना आणि आठवणी त्यावर आहेत. गेल्या महिन्यात मित्रानेच विचारलं, त्याच्या मुलीचे फोटो ठेवायला जागा देशील का. दिली. मग जरा थांबून म्हणाला, “ते फोटो त्या डिस्कवर नको पडायला, तेवढं जमेल का रे?” मी सांगितलं, झेडएफएस तुकडे दोन्ही जोड्यांवर वाटून टाकतं, तुझ्या फोटोंचे काही तिच्यावर जाणारच. त्याने दोन दिवस घेतले आणि फोटो पाठवले.