परावलंबी आयुष्याचे मोल

हातीपायी धड असताना देवाने उचलावे, कोणाला आपले करायला लावू नये, ही आपल्याकडील वृद्ध मंडळींची देवापाशी नित्याची मागणी असते. सांजवात लावताना, पोथी मिटताना, एखाद्या सोयऱ्याच्या अंत्ययात्रेहून परतताना ती सहज ओठांवर येते, आणि जरा बारकाईने पाहिले तर तिच्यात मरणाचे भय जवळजवळ नसते. भय असते ते परावलंबनाचे. या भयाला सर्वांत ठसठशीत रूप ज्या व्याधीने दिले आहे ती म्हणजे अर्धांगवायू. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते किंवा ती वाहिनीच फुटते, आणि घटकाभरापूर्वी पेढीवर बसून जमाखर्च तपासणारा गृहस्थ पाण्याचा पेला उचलण्यास, आपल्या मुलीला नावाने हाक मारण्यास, कुशीवर वळण्यास असमर्थ होतो. पुष्कळदा मृत्यू येत नाही. पूर्वीचे आयुष्यही परत येत नाही. आणि माणूस या दोहोंच्या मधल्या मुलखात वर्षानुवर्षे राहतो. हा मुलूख जगण्याच्या हद्दीत मोडतो की मरणाच्या, आणि ही हद्द आखण्याचा अखत्यार कोणाचा, हा प्रश्न वैद्यकाने उभा केलेला असला तरी त्याचे उत्तर वैद्यकाच्या दप्तरात सापडणारे नाही.

वैद्यकाने आपल्यापुरती एक मोजपट्टी मात्र तयार केली आहे. ग्लासगोचे डॉक्टर जॉन रँकिन यांनी १९५७ साली, साठीपलीकडच्या पक्षाघाताच्या रुग्णांचे पुढे काय होते याची नोंद ठेवताना, अपंगत्वाच्या पाच पायऱ्या कल्पिल्या. पुढे त्यांत दुरुस्ती होऊन, काहीच लक्षण उरलेले नाही तो शून्य आणि मृत्यू आला तो सहा, अशी ती श्रेणी पूर्ण झाली, आणि आज जगभरच्या पक्षाघात-संशोधनाचे फैसले बव्हंशी तिच्याच आधारे होतात. आजारानंतर तीन महिन्यांनी कोणीतरी रुग्णाला भेटते किंवा दूरध्वनीवरून विचारते: आधाराशिवाय चालता येते का, स्वतःचा व्यवहार स्वतः पाहता का, आंघोळीला आणि शौचाला कोणाची मदत लागते का, आणि उत्तरांवरून एक अंक लिहिला जातो. दुसरी पायरी म्हणजे पूर्वीची सर्व कामे जमत नसली तरी आपले आपण पाहणारा. तिसरी म्हणजे थोडी मदत लागणारा, पण स्वतः चालणारा. चौथी म्हणजे दुसऱ्याच्या हाताशिवाय पाऊल न टाकू शकणारा. पाचवी म्हणजे अंथरुणाला खिळलेला, मलमूत्रावर ताबा नसलेला, ज्याला अहोरात्र शुश्रूषा लागते असा.

या मोजपट्टीच्या उपयुक्ततेविषयी मला तिळमात्र शंका नाही. तिच्यावाचून कोणते औषध तारक आणि कोणते मारक हे कळलेच नसते. परंतु पाचव्या अंकानंतर मृत्यूचा सहावा अंक येतो याचा अर्थ, मृत्यू ही अपंगत्वाचीच अधिक तीव्र अशी एक प्रत आहे, असे ही पट्टी मुकाट्याने गृहीत धरते. मेलेला माणूस अधिक परावलंबी नसतो, तो नसतोच. असणे आणि नसणे यांच्यामधले अंतर, थोडी मदत आणि पुष्कळ मदत यांच्यामधल्या अंतराच्याच मापाने मोजणे हा तर्कशास्त्रातला साधा प्रमाद नव्हे. त्यात एक संपूर्ण जीवनदृष्टी दडलेली आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डॉन’ नावाच्या प्रयोगात ती उघडपणे आकड्यांत मांडली गेली. सहा ते चोवीस तास उलटून गेलेल्या रुग्णांच्या मेंदूतील गुठळी तारेच्या साहाय्याने ओढून काढता येते आणि त्याने मोठा लाभ होतो हे सिद्ध करणारा हा प्रयोग खरोखर उपकारक आहे. पण त्यात रँकिनच्या प्रत्येक पायरीला जे उपयुक्ततेचे गुण दिले होते, ते पूर्ण बरा झालेल्याला दहा, चौथ्या पायरीवरच्याला ३.३, पाचव्या पायरीवरच्याला शून्य आणि मृतालाही शून्य असे होते. जो श्वास घेतो, ज्याला ऊन-सावली कळते, ज्याच्या उशाशी कोणी बसले तर ज्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलते, त्याचे आणि स्मशानात पोहोचलेल्याचे खाते एकच. गणितात असा आकडा घालावाच लागतो हे मला मान्य आहे. पण तो घालताना आपण गणित सोडून नीतिशास्त्राच्या इलाख्यात शिरलो, याची कबुली दिली पाहिजे.

हा शून्य कागदावरच राहिला असता तर त्याविषयी एवढे लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. पण तो रुग्णाच्या उशाशी होणाऱ्या निर्णयांतही उतरतो. मेंदूच्या मधल्या मोठ्या धमनीचा प्रदेशच्या प्रदेश जेव्हा मृत होतो, तेव्हा तो पुढच्या दोन-तीन दिवसांत सुजतो, आणि कवटीला लवचीकपणा नसल्यामुळे सुजलेला भाग निरोगी भागाला व मेंदूच्या देठाला चेपू लागतो. यावर शल्यविशारदांपाशी एक उपाय आहे: कवटीचा निदान बारा सेंटिमीटर व्यासाचा तुकडा कापून काढावयाचा, आतले जाड आवरण उघडावयाचे, आणि सुजलेल्या मेंदूला बाहेरच्या बाजूने जागा करून द्यावयाची. तो हाडाचा तुकडा शीतपेटीत, किंवा कित्येकदा रुग्णाच्याच पोटाच्या त्वचेखाली, सांभाळून ठेवतात आणि सूज ओसरल्यावर परत बसवितात. फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्स येथील तीन प्रयोगांतील साठीच्या आतील ९३ रुग्णांचा एकत्रित हिशेब २००७ साली प्रसिद्ध झाला. वर्षअखेर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी शेकडा ७८ जिवंत होते, न झालेल्यांपैकी शेकडा २९. इतक्या धडधडीतपणे जीव वाचविणारे उपाय वैद्यकात थोडेच आहेत. पण वाचलेल्यांपैकी पुष्कळजण तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवर वाचले; चौथ्या पायरीवरच्यांचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या बाजूस शेकडा ३१ होते, दुसऱ्या बाजूस अवघे दोन. आणि येथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटण्यासारखी आहे. तिन्ही प्रयोगांनी आपापल्यापुरती ‘चांगल्या परिणामा’ची रेघ तिसऱ्या पायरीखाली ओढली होती, एकत्रित हिशेबात ती चौथीखाली ओढली गेली. रेघ एका पायरीने सरकली आणि शेकडो घरांतल्या माणसांचे जगणे अनिष्टातून इष्टात आले. त्या माणसांच्या देहात या दोन रेघांच्या दरम्यान काहीच बदलले नव्हते.

ही शस्त्रक्रिया अठ्ठेचाळीस तासांच्या आत करावयाची असते. रुग्ण ग्लानीत असतो, पुष्कळदा त्याची वाचा गेलेली असते, आणि अपरात्री अतिदक्षता विभागाच्या दाराशी संमतिपत्र पुढे येते ते पत्नीच्या किंवा मुलाच्या. ‘जीव वाचेल, पण पुढे कोणत्या अवस्थेत राहतील सांगता येत नाही,’ असे डॉक्टर म्हणतात, आणि ते खरेच असते. सही करणाऱ्याच्या मनात तेव्हा जे प्रथम उमटते ते रुग्ण धडधाकट असताना वारंवार बोललेले ते एक वाक्य: मला असे जगायचे नाही.

त्या वाक्याला किती मान द्यावा, हा माझ्या मते या संपूर्ण विषयाचा गाभा आहे. रोनाल्ड ड्वॉर्किन यांच्यासारख्या विधितत्त्वज्ञाचे मत असे की माणूस आपल्या आयुष्याला जो आकार शुद्धीत असताना देतो, त्याच्या शेवटच्या अध्यायावरही त्याचाच हुकूम चालला पाहिजे. हे मत उदात्त आहे, आणि आपल्या परंपरेलाही ते परके नाही. १९८२च्या नोव्हेंबरात पवनारला विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध सोडून देह ठेवला तेव्हा ते आयुष्यभराच्या साधनेशी सुसंगत असेच घडले. परंतु विनोबा तो निर्णय त्या क्षणी, त्या देहात राहून, स्वतः घेत होते. अर्धांगवायूच्या रुग्णाबाबत घडते ते वेगळे: निर्णय घेतलेला असतो एका निरोगी माणसाने, आणि तो लागू होतो अशा माणसाला, ज्याच्या अवस्थेचा त्या निरोगी माणसाला कसलाही अनुभव नव्हता. हे दोघे एकच आहेत काय? मिलिंद राजाने बौद्ध भिक्खू नागसेनाला नेमके हेच विचारले होते, आणि पाळण्यातले बालक व प्रौढ राजा हे तेच नव्हेत आणि अन्यही नव्हेत, असे उत्तर त्याला मिळाले होते. वेदान्ती साक्षी आत्म्याच्या आधारे एकत्व मानील, बौद्ध प्रवाहाच्या आधारे सातत्य मानील. पण कालच्या इच्छेने आजच्या इच्छेचा गळा दाबावा, असे या दोहोंपैकी कोणाच्याही सिद्धान्तातून निघत नाही. आजची इच्छा कळण्याचा काही मार्ग असेल तर तो शोधणे हे पहिले कर्तव्य ठरते.

तो मार्ग किती अरुंद असू शकतो आणि तरीही चालता येतो, याचा दाखला फ्रान्समधला आहे. ‘एल’ या नियतकालिकाचे संपादक झाँ-दोमिनिक बोबी यांना ८ डिसेंबर १९९५ रोजी मेंदूच्या देठात झटका आला. बुद्धी शाबूत राहिली, पण डाव्या पापणीखेरीज काही हलेना. बर्क येथील समुद्रकाठच्या रुग्णालयात साहाय्यिका अक्षरे म्हणत जाई, वापरात जास्त येणारी आधी आणि कमी येणारी मागून, आणि हवे ते अक्षर आले की ते पापणी मिटत. अशा रीतीने एक संपूर्ण पुस्तक लिहून झाले, आणि ते १९९७च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झाल्यावर थोड्याच दिवसांत ते वारले. रँकिनच्या पट्टीवर त्यांची जागा पाचवी. बोबी असामान्य होते असे कोणी म्हणेल. म्हणून बेल्जममधील लीज येथील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेली पाहणी पाहावी. देहात असे कोंडले गेलेल्यांना त्यांनी त्यांच्याच आयुष्याविषयी विचारले; ६५ जणांच्या उत्तरांतून ४७ जण स्वतःला सुखी म्हणवणारे निघाले, १८ दुःखी. या आकड्यांचा अतिरेकी अर्थ लावू नये. उत्तर देण्याइतके बळ, संपर्काचे साधन आणि बहुधा मायेची माणसे ज्यांच्यापाशी होती, त्यांचीच ही उत्तरे. ज्यांनी पत्राला उत्तरच दिले नाही त्यांच्याविषयी ती काही सांगत नाहीत, आणि ते अठराजण म्हणजे अठरा माणसे आहेत, अपवाद नव्हेत. तथापि निरोगी माणसाने दुरून लिहिलेला शून्य हा त्या अवस्थेतल्या माणसाने लिहिलेला नाही, एवढे तरी त्यावरून सिद्ध व्हावे.

शिवाय हा शून्य स्वतःला खरा करून दाखवितो. मेंदूत रक्तस्राव झालेल्या रुग्णांबाबत असे आढळून आले की, पहिल्याच दिवशी ‘आता यात काही अर्थ नाही’ अशी नोंद झाली की उपचार मंदावतात, रुग्ण जातो, आणि त्याच्या मृत्यूची भर त्या आजाराच्या निराशाजनक आकडेवारीत पडून पुढच्या रुग्णाबाबतचे भाकीत अधिक काळे होते. म्हणूनच अमेरिकेतील हृदयरोग व पक्षाघाताच्या मार्गदर्शक तत्त्वांनी, पूर्वीची लेखी इच्छा नसल्यास, उपचारांवर असे नवे निर्बंध निदान दुसरा पूर्ण दिवस उलटेपर्यंत घालू नयेत, अशी शिफारस केली. मला यात वैद्यकीय दक्षतेइतकीच धार्मिक विनम्रता दिसते.

येथवर वाचणाऱ्याच्या मनात एक आक्षेप दाटला असेल, आणि तो हलका नाही. ज्याच्या आयुष्याला मोल आहे असे आपण म्हणतो, त्याला दर दोन तासांनी कुशीवर वळविणारी, मान किंचित खाली झुकवून दाट पेजेचा चमचा धड बाजूच्या गालात सोडणारी, घास लुळ्या गालात साचून तर राहिला नाही ना हे बोटाने पाहणारी व्यक्ती बहुधा घरातली एखादी स्त्री असते, आणि तिची संमती कोणत्याच कागदावर घेतलेली नसते. तिच्या आयुष्याचा हिशेब न मांडता रुग्णाच्या आयुष्याचे स्तोत्र गाणे हा अन्याय आहे. वृद्ध मंडळींची ती प्रार्थनाही मूलतः तिच्याविषयीच्या कणवेतून येते. ‘कोणाला करायला लावू नये’ यातला ‘कोणी’ पुष्कळदा घरची सूनच. पण मग लाज कशाची वाटली पाहिजे? मदत लागण्याची नव्हे, तर ती मदत एकट्या एका माणसावर टाकून बाकीच्या घराने, गल्लीने आणि सरकारने हात झटकण्याची. दैन्य असते ते या व्यवस्थेत; अंथरुणावरच्या देहात नसते. आपण सर्वांनी आयुष्याची पहिली वर्षे याच पाचव्या पायरीवर काढलेली आहेत, आणि त्या वर्षांना कोणी शून्य गुण दिले नव्हते.

या सेवेचे फळ मोजपट्टीवर दिसेलच असेही नाही. भारतातील चौदा रुग्णालयांत १२५० रुग्णांवर झालेल्या एका प्रयोगात रुग्णाच्या घरच्यांना व्यायाम व शुश्रूषेचे पद्धतशीर शिक्षण देऊन पाहिले. २०१७ साली निष्कर्ष आला तेव्हा सहा महिन्यांअखेर मृत वा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण, शिक्षण मिळालेल्यांत आणि न मिळालेल्यांत, सारखेच म्हणजे शेकडा ४७ निघाले. संशोधनाच्या दृष्टीने हा निष्कर्ष मोलाचा आहे, कारण व्यावसायिक उपचारकांचे काम कुटुंबावर ढकलून सरकारला मोकळे होता येणार नाही हे त्याने दाखविले. पण त्या घरांतून रोज सकाळी कोणीतरी वडिलांचा आखडलेला हात आपल्या हातात घेऊन एक-एक बोट उलगडत होते. ते बोट अखेर उलगडले नाही म्हणून ते उलगडणे वाया गेले, असे म्हणण्याचा अधिकार त्या आकड्याला नाही. फलाची अट काढून घेतलेल्या कर्माविषयी ज्या देशात इतके लिहिले गेले, तेथे हे सांगावे लागू नये.

आता आपल्याकडेही आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला कायद्याची मान्यता आहे. सर्वोच्च न्यायालयाने ती ९ मार्च २०१८ रोजी दिली, आणि २०२३ साली त्याची रीत सुलभ करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्ष पुरेशी ठरविली. असे पत्र प्रत्येकाने करावे, असे मला मनापासून वाटते. घरच्यांवरचा त्या रात्रीचा भार त्याने हलका होतो. मात्र नळ्या नकोत, यंत्र नको, एवढे लिहून सही करण्यापूर्वी त्यात आणखी एक कलम घालावे: माझी वाचा गेली आणि शुद्ध उरली असे दिसले, तर जी प्राथमिक धामधूम असेल ती ओसरू द्यावी, काही आठवडे जाऊ द्यावे, आणि मग पापणीने, बोटाने, जे हलत असेल त्याने मला पुन्हा एकदा विचारावे, आणि तेव्हा मी दिलेले उत्तर या पत्रातील मजकुराच्या विरुद्ध असले, तर ते उत्तर मंजूर समजावे.