दोन याद्या

दिवाळीच्या सुमारास वर्गणी मागायला येणाऱ्यांचा मला कधीच राग येत नाही. पैसे हातावर ठेवले की, जिना उतरणाऱ्या त्यांच्या पावलांबरोबर एक कर्तव्यही घराबाहेर जाते! गेल्या वर्षी आमच्या आळीतल्या मंडळाची एक मुलगी आली. म्हाताऱ्या माणसांना शेवटपर्यंत आपल्याच घरी राहता यावे, म्हणून हे मंडळ त्यांची लहानमोठी कामे करते. मी तत्परतेने चेक लिहिला. पावती देऊन ती म्हणाली, "काका, गुरुवारी तासभर मिळेल? समोरच्या अण्णांना बँकेत न्यायचंय."

खरे सांगतो, तो तास मला चेकपेक्षा जड गेला. पैसा देताना जागचे हलावे लागत नाही. वेळ द्यायचा तर स्वतःलाच उठून जावे लागते.

काम होते हयातीच्या दाखल्याचे. पेन्शन घेणाऱ्याने दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचे कळवायचे! २०१४ पासून हा दाखला यंत्रावर अंगठा टेकवूनही देता येतो. पण अण्णा म्हणाले, "जिवंत आहे हे माणसाला सांगावं, यंत्राला काय त्याचं?" तीस वर्षे समोर राहून त्यांच्या जिन्याला पायऱ्या किती, हे मला ठाऊक नव्हते. अण्णांना होते : बावन्न.

परतताना दुसऱ्या मजल्यावर दम खात ते सहज बोलून गेले. रोज सकाळी सातला ते एकट्या राहणाऱ्या अकरा जणांना फोन करतात. ज्याने उचलला नाही, त्याच्याकडे मंडळ माणूस धाडते. ज्यांना मी घेणारे समजत होतो, ते माझ्यापेक्षा मोठे देणारे निघाले!

माझी भाची बोस्टनला असते. तिथल्या बीकन हिल या जुन्या वस्तीत रहिवाशांनीच २००२ मध्ये अशी संस्था सुरू केली. वर्षाची वर्गणी भरून सभासद व्हायचे आणि लागेल तेव्हा हक्काने मदत मागायची. जमेल त्या सभासदाने दुसऱ्याच्या मदतीलाही जायचे. पुढे अमेरिकेतल्या अनेक गावांनी हा कित्ता गिरवला. मला वाटते, यातले मर्म त्या 'हक्काने' या शब्दात आहे.

कारण दाराशी पोचल्यावर अण्णांनी विचारले, "तुम्हीही एकटेच ना आता? उद्यापासून तुम्हालाही फोन करू?"

माझा चेहरा उतरला असावा. मी? मी तर देणाऱ्यांच्या यादीतला! त्या क्षणी माझ्या दानतीचे खरे स्वरूप मला दिसले. देताना माणूस वरच्या पायरीवर उभा असतो. घेताना खाली उतरावे लागते. अशा संस्थेला पैसा हवा, कारण रिक्षा फुकट धावत नाही. वेळ हवा, कारण पैशाला हात धरून जिना उतरवता येत नाही. पण जिथे सगळेच देणारे आणि मागायला कुणीच तयार नाही, तिथे शेजार कसला? ती नुसती तिजोरी!

मी "करा" म्हणालो.

आता रोज सकाळी सातनंतर माझा फोन वाजतो. "उठलात का?" "उठलो, अण्णा." एवढेच बोलणे. मी हयात आहे, हे बँकेला कळवायला वर्षातून एक दिवस पुरतो. पण आपण हयात असावे असे कुणाला तरी वाटते, हे मात्र रोज कळावे लागते.